स्ट्रिपर मारल्यावर डेक काळा पडतो, स्टेन टिकत नाही? आधी हळदीचा कागद लावून बघा

डेकवरचा, म्हणजे घरामागच्या लाकडी ओट्यावरचा, जुना रंग स्ट्रिपरने काढला, लाकूड धुतलं, वाळवलं, नवा स्टेन (लाकडात मुरणारा रंग) मारला आणि पुढच्याच वर्षी तो पोपडे धरून सुटला. पुन्हा स्ट्रिपर, पुन्हा स्टेन, पुन्हा तेच. मे-जून आला की ही तक्रार घेऊन मला कोणाचा ना कोणाचा फोन येतोच. मी पेशाने सुतार नाही. न्यू जर्सीत आमच्या घरामागे सीडरचा डेक आहे. त्याच्यापायी मी हा त्रास लागोपाठ दोन वर्षं काढला, आणि त्यानंतर ओळखीच्या मराठी घरांतले दहा-बारा डेक हातावेगळे केले. बहुतेक ठिकाणी स्टेनचा काही दोष नव्हता. स्ट्रिपरमधला कॉस्टिक सोडा लाकडात तसाच राहिला होता, आणि त्यावर आम्ही हौसेने महागडा स्टेन ओतत होतो.

लक्षणं कोणती

यातलं एक जरी दिसत असलं तरी पुढे वाचा.

- धुताना लाकूड बरं दिसत होतं, वाळल्यावर कॉफीसारखं तपकिरी किंवा काळपट झालं. सीडर, रेडवुड, ओक आणि इपे या लाकडांत हे जास्त होतं. पाइन त्या मानाने पिवळट-मातकट होतं.
- वाळलेल्या फळ्यांवर पांढरी भुकटी येते. पुसली की जाते, दोन दिवसांनी परत येते.
- फळीवरून हात फिरवला तर कापडासारखी लव हाताला लागते.
- तेलाचा स्टेन आठ-दहा दिवस झाले तरी चिकट आहे. अनवाणी चाललं की पावलं उमटतात.
- स्टेन एकसारखा बसला नाही, आणि फळ्यांच्या टोकांना आधी सुटला.
- खिळ्यांभोवती, लोखंडी कुंड्यांखाली किंवा पानं साचतात तिथे निळसर काळे डाग आहेत.

लांबून हे सगळं सारखंच दिसतं: डेक काळा, डेक खराब. पण सोडा, लोखंड, बुरशी आणि न धुतलेलं ॲसिड ही चार वेगळी कारणं आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे. कारण न ओळखता दुकानातून डबा आणला की पैसे वाया जातात.

सोडा राहिला की नेमकं काय होतं

जुना रंग सोलून काढणाऱ्या स्ट्रिपरमध्ये बहुधा सोडियम हायड्रॉक्साइड असतं, म्हणजे आपल्याकडचा कॉस्टिक सोडा. त्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्काचं माप (७च्या वर अल्क, खाली आम्ल), १२-१३च्या पुढे जातो. लाकूड मुळात आम्लधर्मी असतं, साधारण ४ ते ६ पीएचचं. सोडा वरवर बसत नाही, तंतूंत मुरतो. लाकडातलं टॅनिन, म्हणजे त्यातला तुरट पदार्थ, त्याने काळवंडतं. गावी जुन्या सागवानी दाराचा ऑइलपेंट कॉस्टिकने काढल्यावर दार काळंठिक्कर झालेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना हा रंग लगेच ओळखू येईल.

खरं नुकसान पुढे होतं. तेल आणि कॉस्टिक एकत्र आले की साबण तयार होतो. साबण करायची रीतच ती. तेलाच्या स्टेनमधलं तेल वाळून लाकडात घट्ट बसायचं, ते या सोड्यावर पडून काही अंशी साबण बनतं. साबण वाळून कडक होत नाही आणि पावसात टिकत नाही. स्टेन कोणत्याही कंपनीचा घ्या, खाली सोडा असेल तर तो टिकणार नाही.

"दोन महिने उन्हात पडलाय, उडून गेला असेल," असं अनेक जण म्हणतात. तो उडून जात नाही. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून त्याचा धुण्याचा सोडा होतो आणि तोही चांगलाच अल्कधर्मी असतो. ती पांढरी भुकटी बहुतेक वेळा हीच.

पहिली तपासणी: डेकचं वय

याला एक पैसा लागत नाही, आणि थांबायचं असेल तर इथेच थांबायचं. घर १९७८च्या आधीचं असेल आणि डेकवर किंवा कठड्यावर जुन्या रंगाचे थर असतील तर त्यात शिसं असू शकतं. डेक २००४च्या आधी बांधलेला आणि प्रेशर-ट्रीटेड (कूज-कीड लागू नये म्हणून दाबाने रसायन भरलेल्या) लाकडाचा असेल तर त्यात आर्सेनिक आणि क्रोमियम असण्याची दाट शक्यता आहे. घरगुती बांधकामासाठी तसं लाकूड करणं अमेरिकेत २००३च्या अखेरीस थांबलं, पण तेव्हाचे डेक अजून उभे आहेत. अशा लाकडावर स्ट्रिपर आणि ब्राइटनर (स्ट्रिपरनंतर मारायचं ॲसिड, त्याबद्दल पुढे) दोन्हींनी विषारी भाग सुटा होऊ शकतो, आणि घासकाम केलं तर त्याची धूळ मुलांच्या हातातोंडात जाते. तिथे स्वतः काही करू नका. शिशासाठी प्रमाणपत्र असलेला कंत्राटदार बोलवा, आर्सेनिकवाल्या लाकडासाठी डेकचा जाणकार. त्या फळ्या जाळायच्या तर मुळीच नाहीत.

दुसरी तपासणी: हळदीचा कागद

हे मला आईने शिकवलं, तेही नकळत. ती त्या उन्हाळ्यात आमच्याकडे आली होती. मी डेक धुतला, दुसऱ्या दिवशी वाळला, आणि ती तिथे बसून शेंगा निवडत होती. तिच्या जुन्या सुती साडीच्या पदरावर वरणाचा पिवळा डाग होता. ओला पदर फळीवर टेकला होता. उठली तेव्हा डाग लालभडक. "अरे, साबण राहिलाय तुझ्या लाकडात," ती म्हणाली, "नीट खळबळून धू." कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लावला की लाल होतो, हे आपल्या घरांत सगळ्यांनी पाहिलेलं असतं. हळद आणि चुना मिळून कुंकू होतं तेही यानेच. अल्क लागला की हळद लाल होते.

आता मी कागद करूनच ठेवतो. पाव कप रबिंग अल्कोहोलमध्ये अर्धा चमचा हळद ढवळायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरच्या पिवळ्या पाण्यात कॉफी फिल्टरच्या पट्ट्या बुडवायच्या आणि सावलीत वाळवायच्या. फळीवर डिस्टिल्ड पाण्याचे थोडे थेंब टाका, दोन मिनिटं मुरू द्या, पट्टी दाबून मिनिटभर धरा. पिवळी राहिली तर तिथे सोडा नाही. तांबूस किंवा विटकरी झाली तर आहे. खात्री करायला लाल पट्टीवर लिंबाचा थेंब टाका. सोड्यामुळे लाल झाली असेल तर परत पिवळी होते.

नळाचं पाणी वापरणार असाल तर ते आधी कागदावर टाकून बघा, काही गावांचं पाणी मुळातच किंचित अल्कधर्मी असतं. आणि हळद सरळ डेकवर टाकू नका, डाग राहील.

कागद एकाच जागी लावून समाधान मानू नका. फळीच्या मध्यभागी पट्टी पिवळी राहते आणि त्याच फळीच्या टोकाला लाल होते, हे मी कितीदा पाहिलंय. टोकाला लाकडाच्या नळ्या उघड्या असतात, तिथून सोडा आतवर शोषला जातो. कठड्याच्या उभ्या काठ्यांचे तळ आणि पायऱ्यांच्या कडाही तपासा. स्टेन नेमका तिथूनच आधी का सुटतो याचं उत्तर तुम्हाला त्या दोन इंचांत मिळेल.

हळद एक गोष्ट सांगू शकत नाही: लाकडातला सोडा नुसता गेलाय की उलट ॲसिड जास्त झालंय. ते जाणायला पीएचच्या पट्ट्या आणा, थोडक्या पैशांत येतात. ५ ते ७च्या दरम्यान आकडा आला की मी काम झालं असं धरतो. ३ आला आणि वर पांढरी भुकटी असेल तर ते न धुतलेलं ब्राइटनर आहे. भरपूर पाण्याने धुवा, दुसरं काही लागत नाही.

तिसरी तपासणी: काळं म्हणजे बुरशी का?

काळ्या ठिपक्यावर घरातल्या ब्लीचचा एकच थेंब टाका. मिनिट-दोन मिनिटांत ठिपका फिका पडला तर बुरशी, तसाच राहिला तर मळ, लोखंड किंवा काळवंडलेलं टॅनिन. थेंब टाकलेली जागा लगेच पाण्याने खळखळून धुवा, आणि त्या दिवशी तिथे ॲसिड आणू नका. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरिन वायू होतो. बंद गॅरेजमध्ये एकाच बादलीत दोन्ही आलटून पालटून वापरणं जिवावर बेतू शकतं. बुरशी असेल तर सोडियम परकार्बोनेटचा ऑक्सिजनवाला क्लीनर वापरा. तोही अल्कधर्मीच आहे, म्हणून त्यानंतरही ब्राइटनर लागतोच.

चौथी पायरी: ब्राइटनर, आधी एका कोपऱ्यात

ब्राइटनर म्हणजे ॲसिड, बहुधा ऑक्झॅलिक किंवा सायट्रिक. तो दोन कामं करतो: उरलेला सोडा निष्प्रभ करतो आणि काळवंडलेलं लाकूड उजळतो. घरातला व्हिनेगर चालेल का, हा प्रश्न दर वेळी येतो. सोडा निष्प्रभ करायला भरपूर व्हिनेगर ओतला तर थोडंफार चालतं, पण लोखंडाचे डाग त्याने जात नाहीत, आणि मोठ्या डेकला तो स्वस्तही पडत नाही. सीडर आणि लोखंडी डागांसाठी मी ऑक्झॅलिकच घेतो. नुसतं पाइन असेल आणि घरात कुत्रं किंवा लहान मूल असेल तर सायट्रिक, कारण ऑक्झॅलिक पोटात गेलं तर मूत्रपिंडांना घातक आहे.

तयार डबा असेल तर त्यावरचं प्रमाण पाळा. सुटी ऑक्झॅलिक पावडर असेल तर मी एका गॅलन कोमट पाण्याला ४ ते ६ औंस घेतो, म्हणजे साधारण ११५ ते १७० ग्रॅम. पाण्यात पावडर टाकायची, पावडरवर पाणी नाही. बादली आणि फवारणीचा पंप प्लास्टिकचाच हवा. डोळ्यांना बंद गॉगल, हातात कोपरापर्यंतचे रबरी मोजे, पायात रबरी बूट, आणि पावडर मोजताना नाकावर मास्क. अंगावर उडालं तर लगेच पाणी. डोळ्यांत गेलं तर पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धरा आणि पॉयझन कंट्रोलला (अमेरिकेतली विषबाधेची हेल्पलाइन) १-८००-२२२-१२२२ वर फोन करा.

डेकच्या कडेची झाडं आधी पाण्याने चिंब भिजवा आणि नंतरही धुवा. तुळशीची कुंडी, कढीपत्ता उचलून लांब ठेवा.

सगळ्या डेकवर मारण्याआधी दोन फूट जागेत करून बघा. लाकूड ओलं करायचं, ब्राइटनर फवारायचा, मऊ ब्रशने पसरवायचा. सीडरवर हे बघण्यासारखं असतं. पहिली दोन मिनिटं काही होत नाही. मग काळपट पृष्ठभाग तांब्याच्या भांड्याला चिंच लावल्यासारखा उघडायला लागतो, रेषा दिसू लागतात, खालचा मधाळ तांबूस रंग वर येतो. पंधरा मिनिटांत ती दोन फूट जागा बाकीच्या डेकपेक्षा दहा वर्षं तरुण दिसते. असं झालं तर निदान बरोबर आहे, आता पूर्ण डेक करा. काहीच बदल झाला नाही तर बहुतेक जुना स्टेनच पूर्ण निघालेला नाही, आणि ब्राइटनर कितीही ओतला तरी उपयोग नाही.

पूर्ण डेक करताना या गोष्टींवर माझा भर असतो. सकाळी किंवा ढगाळ दिवशी करा, ५० ते ९० अंश फॅरेनहाइटमध्ये. लाकूड ओलं असतानाच मारा. उत्तम म्हणजे स्ट्रिपर धुतला त्याच दिवशी. मात्र स्ट्रिपरचा बुळबुळीतपणा पूर्ण गेल्यावरच, नाहीतर ॲसिड वरच्या सोड्यावरच खर्च होतं आणि आतपर्यंत पोचत नाही. १० ते २० मिनिटं लाकूड ओलं ठेवा, वाळायला लागलं तर पाण्याचा हलका फवारा. फळ्यांच्या टोकांना दोनदा मारा. आणि मग धुवा, वाटतं त्याच्या दुप्पट वेळ. प्रेशर वॉशर असेल तर दाब १००० पीएसआयच्या आत, पंख्यासारखा रुंद नोझल आणि लाकडापासून फूटभर अंतर. सीडरवर जास्त दाब लावला की मऊ भाग खरवडून निघतो आणि ते मग भरून येत नाही. साध्या होजला फवारा लावून चिकाटीने धुतलेले डेक मला जास्त आवडतात.

धुऊन झालं की हळदीचा कागद पुन्हा लावा, टोकांना तर लावाच. कुठे लाल आला तर फक्त तेवढ्या भागावर ब्राइटनरची दुसरी फेरी.

लोखंडाचे डाग परत येत असतील तर

लोखंडी विळीवर केळफूल चिरलं की पातं आणि बोटं काळी होतात, तसंच हे आहे. टॅनिन आणि लोखंड मिळून काळा रंग होतो. हिरडा आणि हिराकस वापरून शाई करत ती याच गुणावर. ऑक्झॅलिक ॲसिड हा डाग काढतं, पण खिळा तिथेच असेल तर पुढच्या पावसाळी आठवड्यात डाग पुन्हा हजर. म्हणून डाग काढायच्या आधी तो कुठून येतोय ते शोधा. गंजलेले स्क्रू बदलून स्टेनलेस स्टीलचे लावा. लोखंडी कुंड्यांच्या स्टँडखाली रबर लावा. डेक घासायला स्टील वूल कधीच वापरू नका. त्याचे केसाएवढे तुकडे रेषांत अडकतात आणि महिन्याभरात सगळ्या डेकवर काळी रांगोळी उमटते. एका घरी ते तुकडे काढायला मी लोहचुंबक कापडात गुंडाळून गुडघ्यांवर बसून अख्खी दुपार फिरवला आहे.

लव, ओल आणि घाई

सोड्याने तंतू सैल होतात म्हणून लव येते. ब्राइटनरनंतर वाळल्यावर ती बरीच बसते. उरलेली ६० किंवा ८० नंबरच्या सँडपेपरने हलकी घासा. त्याहून गुळगुळीत करू नका, स्टेन आत शिरत नाही. डेकचं वय तपासल्याशिवाय घासकाम करायचं नाही, हे पुन्हा सांगतो.

मग थांबायचं. निदान दोन दिवस कोरडी हवा, शक्यतो तीन. ओल मोजायचं यंत्र मिळालं तर १५ टक्क्यांच्या आत आकडा यायला हवा. नसेल तर पाण्याचे चार थेंब टाका. मिनिटभरात लाकडाने पिऊन टाकले तर ते तयार आहे, मण्यांसारखे वर राहिले तर नाही. सोमवारी सुट्टी संपते म्हणून रविवारी संध्याकाळी ओल्या लाकडावर मारलेला स्टेन मी दोन घरी खरवडून काढलेला आहे.

आधीच स्टेन मारून बसला असाल तर

चिकट स्टेनवर ब्राइटनर मारून काही होत नाही. तो थर ब्राइटनरला खाली लाकडापर्यंत पोचू देत नाही. वरून दुसरा हात मारणं तर सगळ्यात वाईट. आधी वीस दिवस कोरडं ऊन द्या, कधी कधी कारण फक्त जास्त जाड मारलेला स्टेन हेच असतं आणि तो वाळतो. तरीही पावलं उमटत असतील तर पुन्हा स्ट्रिपर, त्याच दिवशी ब्राइटनर, हळदीचा कागद, आणि मगच स्टेन. कष्टाचं आहे, पण या वेळी मधली पायरी सुटणार नाही.

इथे हात थांबवा

एक जुना स्क्रूड्रायव्हर घ्या. घराच्या भिंतीला टेकलेली आडवी तुळई, खांबांचे तळ आणि फळ्यांखालचे आडवे वासे यांत तो दाबून बघा. पाव इंचाहून जास्त सहज घुसला, किंवा लाकूड ओल्या ब्रेडसारखं दबलं, तर रंगाचा विषय बंद. त्या डेकवर माणसं उभी करू नका आणि परवानाधारक डेक-बांधणीवाला बोलवा. भिंतीजवळची तुळई नुसत्या खिळ्यांवर आहे, बोल्ट दिसत नाहीत, तरीही बोलवा. डेक पडतात ते बहुधा तिथूनच, आणि ते माणसं जमलेली असतानाच पडतात. सत्यनारायणाला किंवा गणपतीच्या आरतीला तीस-चाळीस जण डेकवर उभे राहणार असतील तर ही तपासणी स्टेनच्या रंगाआधी करा.

बाकी, दोनदा ब्राइटनर मारूनही कागद लाल येत असेल, डेक जमिनीपासून एक मजला वर असून शिडीवर उभं राहून रसायन मारावं लागत असेल, पाणी विहिरीत किंवा तळ्यात उतरत असेल, किंवा ॲल्युमिनियमच्या कठड्यावर स्ट्रिपर सांडून तो काळा पडला असेल, तर व्यावसायिकाला बोलवा. फोनवर त्याला एक प्रश्न विचारा: "स्ट्रिपरनंतर न्यूट्रलाइज कशाने करता आणि झालं की नाही हे कसं तपासता?" नुसतं "पाण्याने धुतो" असं उत्तर आलं तर दुसरा माणूस शोधा.